पाऊण इंच

'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी शाळेत असताना केला होता आणि त्याबद्दल एक मार्कही मिळवला होता. असा माणूस पुढे आयुष्यात प्रत्यक्ष भेटेल, तोही शेजारी, असं तेव्हा वाटलं नव्हतं. दिव्याला राहायला आलो आणि तिसऱ्याच दिवशी भेटला. हातात कांदेपोह्यांची बशी, तोंडात घास, आणि नजर थेट वर.

"चार," ते म्हणाले.

मला वाटलं, पोह्यांतले शेंगदाणे मोजताहेत. शेंगदाण्यांवरून आमच्या घरात आधीच वाद झालेला होता.

"काय चार, काका?"

"बीम. तीन उघडे, एक भिंतीत गेलाय. आमच्याकडे पाच आहेत." शेवटचं वाक्य त्यांनी अशा स्वरात सांगितलं, की जणू त्यांच्याकडे पाच गाई असाव्यात.

हे बीमकाका. त्यांचं खरं नाव आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांनाच ठाऊक आहे: पोस्टमनला आणि मेंटेनन्सच्या पावत्या फाडणाऱ्या सेक्रेटरीला. बाकी सगळ्यांचे ते बीमकाका. त्यांच्या पत्नी बीमकाकू. त्या बिचारीने जन्मात एक बीम मोजलेला नाही, पण लग्नानंतर नाव बदलतं त्याला कोण काय करणार!

काका उंचीने बेताचे. अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशात सुताराची चपटी पेन्सिल, आणि मान किंचित मागे कललेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गृहस्थ भलताच ताठ दिसतोय. तसं काही नाही. कुर्ल्याच्या कारशेडमध्ये ते चौतीस वर्षं फिटर होते. लोकलचा डबा वर उभा आणि फिटर खाली खड्ड्यात, असं ते काम. चौतीस वर्षं वर बघून काढल्यावर मान खाली यायला तयार नाही, एवढंच. खालचं जग त्यांना जरा उशिरा दिसतं. पायाखालचा कुत्रा दिसत नाही, पण जिन्याच्या छतावरची केसाएवढी चीर दिसते, आणि कुत्रा भुंकायच्या आत ते ती दाखवूनही मोकळे होतात.

लग्नाच्या हॉलमध्ये मंगलाष्टकं सुरू झाली की लोक अंतरपाटाकडे बघतात, काका छताकडे. अक्षता अंदाजाने टाकतात. त्यामुळे त्यांच्या पुढच्या दोन रांगांतल्या पाहुण्यांचं निम्मं लग्न लागून जातं. सत्यनारायणाला हातात शिरा, डोळे वर. यजमानांना वाटतं, काय भक्ती आहे! आणि २०१६च्या डिसेंबरात फास्ट लोकल दिव्याला थांबायला लागली, तेव्हा सारा दिवा ठाण्याला लवकर पोचायला मिळणार म्हणून खूश झाला. काका खूश झाले ते वेगळ्याच कारणाने. स्लो गाडी मुंब्र्यावरून वळसा घेऊन जाते. फास्ट २०२२पर्यंत पारसिकच्या बोगद्यातून जायची. "१९१६चा बोगदा," ते सांगत सुटले. "बरोब्बर शंभर वर्षं झाली त्याला, आणि आपल्याला बोलावणं आलं." बोगदा आला की डब्यातले लोक पाकीट चाचपायचे. काका मान आणखी मागे टाकून अंधारात बघत राहायचे. काय दिसतं, विचारायची सोय नव्हती. विचारलं तर सांगायचे.

तर पडद्याचं.

दिव्यात नवीन बिऱ्हाड ओळखायची खूण म्हणजे खिडकीच्या काचांना आतून चिकटवलेलं वर्तमानपत्र. समोरची बिल्डिंग इतकी जवळ, की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमची ही मोजते आणि आमच्या घरचा गॅस बंद करते. आम्हीही रीतीप्रमाणे वर्तमानपत्र लावलं. पंधरा दिवसांनी समोरच्या खिडकीतून एका आजोबांनी हाक मारली, "अहो, पान तरी उलटा!"

त्या रविवारी ही डोंबिवलीहून पडद्याचं कापड घेऊन आली. विटकरी रंगाचं, खाली बारीक बुट्टी. चार दिवसांत पडदे शिवून तयार. वर स्टीलची गोल कडी बसवलेली भोकं, त्यातून दांडी ओवायची, झालं. आता दोन ब्रॅकेट ठोकायचे आणि दांडी टाकायची, दहा मिनिटांचं काम. ड्रिल मशीन बीमकाकांकडे आहे, असं कुणीतरी सांगितलं आणि मी त्यांच्या दाराची बेल वाजवली. ही आमच्या घरातली शेवटची दहा मिनिटं.

काका आले ते मशीनशिवाय. नुसतेच खिडकीसमोर उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "ठोकणार कुठे?"

"खिडकीच्या वर."

"खिडकीच्या वर काय आहे?"

मी पाहिलं. गृहप्रवेश होऊन महिना झाला होता, पण खिडकीच्या वर काय आहे हे मी पहिल्यांदाच पाहिलं. खिडकीच्या वर भिंतच नव्हती. खिडकीची चौकट जिथे संपते तिथूनच बीम सुरू होत होता आणि तो थेट स्लॅबला जाऊन भिडत होता.

"हेच," काका म्हणाले. "जुन्या घरात खिडकीवर लिंटेल, लिंटेलवर वीट, वर तुळई. वीट मऊ. खिळा मारा, पडदा लावा, गणपतीचा फोटो लावा. इथे बीमच लिंटेलचं काम करतो. बीम नऊ इंची, भिंत सहा इंची. उरलेले तीन इंच कुठे जाणार? तुमच्या घरात. त्या बीमवर ब्रॅकेट मारला, तर त्याचे आणखी तीन. म्हणजे पडदा खिडकीपासून सहा इंच पुढे, हवेत. सूनबाई, तुमची खोली किती?"

"दहा बाय दहा," ही म्हणाली.

"साडेनऊ बाय दहा झाली," काका म्हणाले आणि चहा घेऊन गेले. पहिला रविवार संपला.

दुसऱ्या रविवारी खाकी पिशवी आली. पिशवीतून एकेक वस्तू बाहेर निघाली: हॅमर ड्रिल, ओळंबा, एक हातभर लांबीची पाणसळ, रावल प्लगची पुडी, जिला आमच्या नाक्यावरचा दुकानदार गिट्टी म्हणतो, आणि जुन्या डायरीची कोरी पानं. चढायला मी स्टूल आणलं. काकांनी ते हलवून पाहिलं आणि नापास केलं. "पिंप रिकामं आहे की भरलेलं?" त्यांनी विचारलं. दिव्यात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारू शकतो, त्यामागे नेहमी पाण्याची चौकशी असते. इथे नव्हती. भरलेलं दोनशे लिटरचं पिंप, वर फळी, हा त्यांच्या मते दिव्यातला सगळ्यात पक्का पाट. काका त्यावर चढले. आमची दोन दिवसांच्या पाण्याची बेगमी त्यांच्या पायाखाली आली.

भोक पाडायच्या आधी त्यांनी डायरीच्या पानाची एक होडी केली आणि बीमला चिकटपट्टीने लावली. मशीन घर्रर्र करून उठलं. होडीत करडी भुकटी पडू लागली. अर्ध्या इंचावर काका थांबले, खाली उतरले, होडी उजेडात धरली आणि चिमूटभर भुकटी जिभेवर टेकवली.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी पिंपाकडे पाहिलं.

"अळणी!" काका म्हणाले. चेहऱ्यावर पेढा मिळाल्याचा आनंद.

आयुष्यात पहिल्यांदाच मी 'अळणी' हा शब्द कौतुकाने उच्चारलेला ऐकला. मग त्यांनी भुकटीशास्त्र सांगितलं. भिंतीतून लाल भुकटी आली तर वीट. पांढरी, हलकी, पिठासारखी आली तर सिपोरेक्सचा ब्लॉक, तिथे साधा रावल प्लग धरत नाही. करडी आणि दाताखाली कचकचणारी म्हणजे काँक्रीट. मशीन किंचाळलं आणि भुकटी चंदेरी दिसायला लागली की जागच्या जागी थांबायचं, ती आतली सळई. "आणि खारट लागली तर खाडीची रेती न धुता वापरलेली. मिठाने आतली सळई गंजते. गंजली की फुगते, फुगली की काँक्रीटला आतून ढकलते. मग पोपडे. मग..." पुढचं त्यांनी हाताने दाखवलं. हात वरून खाली आला.

होडीतली भुकटी त्यांनी पुडीत बांधली, पुडीवर आमच्या घराचा नंबर घातला आणि पिशवीत टाकली. नंतर कळलं, बिल्डिंगमधल्या बहुतेक घरांच्या अशा पुड्या त्यांच्या कपाटात आहेत, देवाच्या अंगाऱ्यासारख्या ओळीने लावलेल्या. काकूंनी एकदा त्यातली एक सुंठ समजून चहात टाकली होती. चहा करडा झाला. काकांनी एक घोट घेतला आणि घराचा नंबर बिनचूक सांगितला, अशी दंतकथा आहे.

तिसरा रविवार पाणसळीचा. दोन ब्रॅकेटच्या खुणा एका पातळीत हव्यात म्हणून काकांनी पाणसळ बीमखाली धरली. नळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत थांबायचं, खूण करायची. पण बुडबुडा थांबेना. दिव्याला गाड्या चार दिशांनी येतात: मुंबई, कल्याण, वसई आणि पनवेल. त्यात लोकल आल्या, मालगाड्या आल्या, कोकणात जाणाऱ्या आल्या, आणि न थांबता धाडधाड जाणाऱ्या वेगळ्याच. आमची बिल्डिंग रुळांपासून हाकेच्या अंतरावर. बुडबुडा नुसता शहारत होता.

"थांबा," काका पिंपावरून म्हणाले. "वसई जाऊ दे."

वसई गेली. "आता पनवेल आहे." पनवेल गेली. मग मालगाडी आली. तिला किती डबे होते ते मी सांगू शकतो, कारण ते संपेपर्यंत मी पिंपाची फळी धरून उभा होतो. शेवटी एक मिनिट असं आलं की दिव्यात एकही गाडी हलत नव्हती. असं मिनिट येतं हे मला त्या दिवशी समजलं. बुडबुडा थबकला. काकांनी श्वास रोखून पेन्सिलीची रेघ मारली. मग दुसऱ्या टोकाला. मग टेप काढली, एकदा मोजलं, परत मोजलं, आणि हळूच खाली उतरले. चेहरा पडलेला.

"पाऊण इंच," ते म्हणाले.

सहा फुटांच्या खिडकीत आमचा बीम डावीकडून उजवीकडे पाऊण इंच उतरत होता.

हीच खरी गोम. दांडी पाणसळीप्रमाणे सरळ लावली, तर तिच्या डोक्यावरचा बीम तिरका असल्यामुळे दांडीच वाकडी दिसणार. दांडी बीमला समांतर लावली, तर डोळ्याला सरळ दिसेल, पण पडदा खाली फरशीवर एका टोकाला लोळणार आणि दुसऱ्या टोकाला लंगडी घालणार. बीम आणि दांडी यांच्यात वीतभर अंतर असतं तर डोळा फसला असता. इथे दोघांमध्ये बोटही शिरायला जागा नव्हती.

"दिसायला सरळ दिसलं म्हणजे झालं, काका," ही म्हणाली. "पडद्याची शिलाई मी खाली उसवून तिरकी घालते. कुणाला कळणार आहे?"

"मला," काका म्हणाले.

"बघणारे डोळ्याने बघतात. पाणसळ घेऊन कोण येतंय आमच्याकडे?"

"डोळा खोटं बोलतो, सूनबाई. बुडबुडा बोलत नाही."

"बोलत नाही हेच बरं आहे," ही म्हणाली. "नाहीतर अजून एक रविवार गेला असता."

मी मध्ये पडलो. दुकानात पाहिलेली एक युक्ती मला आठवली होती. पडद्याचा ट्रॅक सरळ वर स्लॅबलाच, बीमच्या पुढे लावायचा. पडदा छतापासून फरशीपर्यंत सोडायचा. बीमच झाकला जाईल. ना रहेगा बीम... वगैरे. शिवाय बीमखाली झोपू नये असं वास्तुवाले सांगतात, तो वादही मिटेल. किंवा पीओपीचं खोटं छत करून टाकू, सगळेच बीम पोटात घालून.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या आईला घराबाहेर काढायला सुचवलं होतं.

"झाकणार? ज्याच्यावर घर उभं आहे ते झाकणार?" एवढंच म्हणून त्यांनी पिशवी उचलली. पाणसळ कापडात गुंडाळली. चहा घेतला नाही. काका चहा न घेता गेले ही बातमी संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर पोचली होती.

पुढचा आठवडा आम्ही दोन खिळ्यांवर सुतळी बांधून जुनी चादर लावली. खिळे काँक्रीटमध्ये जात नव्हते. सहा वाकले, तेव्हा दोन बसले. समोरच्या आजोबांना चादरीचा वाघ आवडला.

बुधवारी मी काकूंकडे गेलो. माफी मागायला म्हणून गेलो होतो, पण बोलता बोलता तो वाक्प्रचार तोंडातून निसटला. खाल्ल्या घरचे वासे मोजतात काका, असं हसत म्हणालो. काकू हसल्या नाहीत. भाजी निवडत म्हणाल्या, "पूर्वी नव्हते मोजत. ते शीळफाट्याचं झालं ना, तेव्हापासून."

आमच्या दिव्यातून निघालेला रस्ता शीळला जाऊन मिळतो. तिथे ४ एप्रिल २०१३ला बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. काका दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊन उभे राहिले होते. घरी आले ते जेवले नाहीत. रात्री अंथरुणावर पडून वर बघत होते. "मला वाटलं, डोळा लागला," काकू म्हणाल्या. "तर अंधारात आवाज आला, 'पाच'."

काकू पुढे काही बोलल्या नाहीत. मीही न बोलता चार शेंगा सोलून दिल्या.

चौथ्या रविवारी काका आपण होऊन आले. पिशवी होती, पाणसळ नव्हती.

"जाऊन विचार केला," पिंपावर चढत ते म्हणाले. "ही बिल्डिंग भातशेतीत उभी राहिली. खाली गाळ. स्लॅब ओतताना खालून बल्ल्यांचा टेकू देतात. त्यातली उजवीकडची एक ओल्या जमिनीत बसली असणार. ती बसली, वरची फळी बसली, काँक्रीट तसंच सुकलं. म्हणजे हा बीम वाकलेला नाही. हा असाच जन्माला आलाय." त्यांनी बीमवर हाताने दोनदा थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं. "वाकडं जन्मलेलं चालतं. वाकडं होत जाणारं चालत नाही."

आणि मग त्यांनी दांडी बीमला समांतर लावली, हिला हवी होती तशी. पंचवीस मिनिटांत. सहा मिलिमीटरची भोकं, दीड इंच खोल, सळई एकदाही लागली नाही. वसई आली, पनवेल आली, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हिने पडद्याची खालची दुमड तिरकी घातली. एका टोकाला चार इंच, दुसऱ्या टोकाला पावणेपाच. पडदा लागला आणि खोली एकदम घरासारखी दिसायला लागली. समोरचे आजोबा दोन दिवस रुसले होते म्हणे.

काकांनी हिचं ऐकलं खरं, पण त्यांना ते पाहवत नाही. तेव्हापासून ते आमच्याकडे आले की पडद्याकडे पाठ करून बसतात. आमची खोली अशी, की पडद्याकडे पाठ केली की तोंड संडासाच्या दाराकडे होतं. काका ते पत्करतात. फक्त दिवाळीच्या फराळाला आले की एक चकली संपल्यावर म्हणतात, "पडद्याचे स्क्रू सैल झालेत का बघतो, काय?" मग टेप आणि पाणसळ घेऊन वर चढतात, दोन गाड्यांच्या मधलं एखादं मिनिट गाठतात, काहीतरी करतात आणि उतरून लाडू खातात. स्क्रू सैल झालाय की नाही पाहायला पाणसळ कशाला लागते, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. काका पाणसळीशिवाय असतात तेव्हाच माणूस दचकतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी घराला रंग काढला. पडदा उतरवला, दांडी काढली. रंगारी शिडीवरून म्हणाला, "साहेब, इथे कुणीतरी काठ्या मारून ठेवल्यात. दूधवाल्याचा हिशेब हाय का?"

मी चढून पाहिलं. बीमच्या खालच्या कडेला, दांडीच्या मागे, कुणालाही दिसणार नाही अशा जागी सुताराच्या पेन्सिलीने बारीक अक्षरात एकाखाली एक नोंदी होत्या. प्रत्येकीपुढे दिवाळी आणि साल. आणि प्रत्येक सालापुढे तीच खूण: शून्य आणि पुढे तीन उभ्या काठ्या, दोन जवळजवळ, एक जरा सुटी. '०॥।'. माझे आजोबा किराणा मालाच्या वहीत पाऊण असाच लिहीत.

पाऊण. पाऊण. पाऊण. पाऊण. एका वर्षीही काडीचा फरक नाही.

"पुट्टी मारून साफ करतो," रंगारी म्हणाला. "दिसणार बी नाय."

मी काही म्हणायच्या आत ही स्वयंपाकघरातून बेसनाचे हात घेऊन बाहेर आली. ज्या बाईला पाणसळच नको होती, ती शिडीखाली उभी राहून वर बघत होती. मान काकांसारखी मागे. "तेवढं सोडून रंगवा," ती म्हणाली. "आणि खाली थोडी जागाही सोडा."

रंगाऱ्याने आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याने बऱ्याच घरी बरंच काही पाहिलेलं असणार.

दिवाळीला काका आले. नव्या रंगाकडे एक नजर टाकली, पडद्याकडे पाठ करून बसले. एक चकली संपली. हात झटकून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पिंप भरून, वर फळी टाकून हिने सकाळीच खिडकीखाली ठेवलं होतं.